गणिताच्या वहीतला ठेका

बीदरला आमच्या मंडळानं एका गायिकेचा सत्कार ठरवला, तेव्हा स्मरणिकेतला तिच्यावरचा लेख तपासायचं काम माझ्याकडं आलं. मी हायस्कुलात मराठी शिकवते. सनावळ्या आणि शुद्धलेखन म्हटलं की लोकांना माझी आठवण होते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा जरा तोराच होता.

गायिका बीदरजवळच्या निर्णा गावची. कॅसेटच्या जमान्यात तिची पॉप गाणी, काही मराठी, काही कन्नड, या भागातल्या लग्नांत आणि टेम्पोंत वाजायची. आता ती घरी शिवणकाम करते. लेखात लिहिलं होतं की पहिल्या कॅसेटचा सगळा ठेका तिनं स्वतः रिदम मशीनमध्ये भरला. त्या वाक्याखाली मी पेन्सिलीनं रेघ ओढली.

तसली मशीन तेव्हा मिळत होती का, हे इंटरनेटवर पाहिलं. मिळत होती. कॅसेटच्या कव्हरचा फोटो मागवला. त्यावर ठेका कुणाचा ते नव्हतंच. मग ती कॅसेट जिथं रेकॉर्ड झाली, त्या हैदराबादच्या स्टुडिओच्या मालकांना फोन लावला. ते हसून दखनी उर्दूत म्हणाले की ती फक्त गायची, मशीन त्यांची होती, मग दुसरं कोण चालवणार. मला ते लगेच पटलं. मी वाक्य बदललं आणि ठेक्याचं श्रेय त्यांना दिलं. गायिकेचा नंबर लेखाच्या कागदावरच वर लिहिलेला होता. मी तो लावला नाही. सातवी शिकलेली बाई आणि बटणांची मशीन, हे माझ्या मनात बसत नव्हतं. मी स्वतः बाई असून.

सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर बसून तिनं तो लेख वाचला. स्मरणिका मिटून पिशवीत ठेवली. आभाराचं बोलली, दोन गाणी म्हटली. आठवड्यानं तिचा फोन आला, एकदा निर्ण्याला येऊन जा म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून मी निर्धास्त गेले.

चहा झाल्यावर तिनं कपाटातून एक जुनी गणिताची वही काढली. प्रत्येक ओळीत सोळा चौकटी आखलेल्या, काहींत टिंब, काहींत फुली. टिंब म्हणजे हलगीचा जाड आवाज, फुली म्हणजे बारीक काडीचा, असं तिनं सांगितलं. आधी घरी वहीत ठेका लिहायचा, मग स्टुडिओत एकेक चौकट बोटानं मशीनमध्ये भरायची. मालक तेवढ्या वेळात जेवायला जायचे. तिनं टेबलावर बोटं वाजवत एक ओळ वाचून दाखवली. तिचं सगळ्यांत गाजलेलं गाणं मी लगेच ओळखलं.

मी म्हणाले, "अक्का, चूक झाली माझी. मी चौकशी केली होती, पण..."

"व्हय, केलासा की," ती म्हणाली. "हैदराबादला केलासा. मला कामून इचारला न्हाईत, बाई?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते तिच्यासमोर तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. तिनंच विषय बदलला, माझ्या ब्लाउजची बाही उसवलीय म्हणाली आणि तिथंच बसून दोन टाके घालून दिले. ते मला जास्त लागलं.

परत आल्यावर मी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापल्या आणि मंडळात उरलेल्या सगळ्या प्रतींत स्वतः डकवल्या. चूक माझी आहे, असं खाली लिहिलं. मंडळातले एकजण म्हणाले, एवढं काय त्यात, कोण वाचतंय.

कुणीतरी वाचलं होतं. जुन्या गाण्यांच्या एका इंटरनेटवरच्या पानावर आता तिच्या पहिल्या कॅसेटचा ठेका त्या मालकांच्या नावावर आहे, आणि पुरावा म्हणून आमची स्मरणिका दिली आहे. मी त्या लोकांना तीनदा लिहिलं, वहीचे आणि दुरुस्तीच्या चिठ्ठीचे फोटो पाठवले. डकवलेली चिठ्ठी चालणार नाही, स्मरणिकेसारखा छापील आधार पाठवा, असं त्यांचं उत्तर आलं. हे अजून मी तिला सांगितलेलं नाही.