मिठागरात काय पिकलं

डोंबिवलीहून निघताना घरच्यांनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कोलशेतला काय बघणार?"

"चिखल," मी म्हणाले. सगळे हसले, पण मी खरंच सांगत होते.

वंदना आणि मी एकाच शाळेत शिकवतो. ती गणित, मी जीवशास्त्र. कोलशेत तिचं माहेर. तिथे खाडीला लागून तिच्या वडिलांचं, हिराजीबाबांचं, मिठागर होतं. काही वर्षांपूर्वी मोठ्या उधाणात त्याचा बांध फुटला, खाडी आत शिरली आणि मीठ पिकवणं संपलं. तेव्हापासून बाबांनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं.

"तू पाहुणी म्हणून मागे लागलीस तर नाही म्हणणार नाहीत," वंदना फोनवर म्हणाली होती. "माझं काही ऐकत नाहीत गं."

माजिवड्याला उतरून रिक्षा केली. उंच टॉवर, त्यांची कारंजी, शोरूम असं सगळं मागे पडलं आणि एका वळणावर एकदम गाव सुरू झालं. सुकटीचा वास आला, ओट्यावर बसलेल्या बायका दिसल्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभे होते, मागे आदल्या दिवशीच आलेली वंदना.

"तथं काय बगाचा? चिखोल!" (तिथे काय बघायचं? चिखल!) ते म्हणाले.

"मला चिखलच बघायचाय, बाबा. मुलांना शिकवते मी त्याबद्दल."

"चिखोल शिकवतंस?" त्यांनी वंदनाकडे पाहिलं. "आन पगार भेटतो?"

पण चपला घातल्या त्यांनी.

वाट शेवटच्या इमारतीच्या कुंपणाला खेटून जात होती. पुढे जुना बांध लागला आणि त्यावर चढताच मी थबकले. पांढऱ्याशुभ्र चौकोनांच्या जागी, नजर जाईल तिथवर हिरवं होतं. काठाला तांबूस पाल्याचं बुटकं झुडूप, त्यामागे गुडघ्याएवढी तिवराची (खारफुटीची) रोपं आणि पार खाडीच्या तोंडाशी डोक्याच्या वर गेलेली तिवराची झाडं. फांद्यांवर बगळे.

मला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. बाबांनी मात्र त्या हिरव्याकडे पाठ केली आणि बांधावर बसले.

"माजा मीठ खाऊन माजल्यान," ते म्हणाले. "तोराला पन देत नाय." (सरकार तोडायलाही देत नाही.)

वंदनाचा चेहरा पडला. तिने मला हळूच खूण केली, राहू दे. मी एकटीच खाली उतरले. ओहोटी होती. चिखलावर हिरवट साय धरावी तसं शेवाळ होतं आणि त्यावर निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) टुणटुण उडत होत्या. एकीचा फोटो काढायला मी दोन पावलं पुढे टाकली, आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. उपसायला गेले तर डावाही गेला.

"वंदना!"

ती धावली, तीही घोट्यापर्यंत रुतली. तेवढ्यात खाडीकडच्या फुटक्या बांधातून पाण्याची चकचकीत जीभ आत सरकताना दिसली. भरती लागली होती.

"पाय उपसू नको, पोरी!" बाबा उभे राहिले होते. "टाच फिरव! आन तो तिवर धर, तिवर!"

मी बाजूचं रोप दोन्ही हातांनी धरलं. एवढंसं रोप, पण जमिनीला असं घट्ट की तसूभर हललं नाही. बाबांनी लेंगा वर खोचला आणि थेट आत उतरले. कुठे पाय द्यायचा हे त्यांच्या पायांना अजून आठवत होतं. त्यांनी माझ्या काखेत हात घातला, वंदनाने पदर कमरेला बांधून दुसरा हात ओढला, आणि मी सुटले. एक सँडल खाडीला दिली.

तिघंही हसत सुटलो. मग बाबांनी पायांखाली पाहिलं. ते आपल्या मिठागरात उभे होते.

त्यांनी वाकून रोपाच्या बुडाशी हात फिरवला. चिखलातून पेन्सिलींसारखी मुळं वर आली होती.

"ये काय?"

मी सांगितलं. बांध फुटल्यावर आधी शेवाळ आलं, त्याने माती धरली. मग खारटपणा सोसणारं ते तांबूस झुडूप आलं. त्याच्या आडोशाला तिवराचं बी अडकलं, रुजलं. आता ही मुळं भरतीबरोबर येणारा गाळ अडवतात, जमीन थोडी थोडी उंच होते. मग खेकडे, मासे, पक्षी. आमच्या पुस्तकात याला अनुक्रमण म्हणतात (एकाने जागा करायची आणि दुसऱ्याने यायचं).

बाबांनी मुळांमधला गाळ बोटांनी चेपून पाहिला. बांध घालणाऱ्या माणसाचीच बोटं ती.

"मंजे यांनी बांध घातला."

"हो."

"आन मी यांना शिव्या देतो," ते म्हणाले, आणि तांबूस झुडपाची कोवळी पालवी खुडू लागले. "वंदे, हा मोरस हाय गो. तुजी आय करायची."

घरी वंदनाने मोरसची भाजी केली. अंगचीच खारट, वर मीठ घालायचं नाही. सोबत चिंबोरीचं (खेकड्याचं) कालवण आणि तांदळाची भाकरी. बाबा दोनदा भाजी मागून जेवले.

परतताना माजिवड्याच्या स्टॉपवर माझ्या पायांकडे बघून लोक सरकून बसत होते. मी फळ्यावर इतकी वर्षं बाण काढले: शेवाळ, झुडूप, झाड. शेवटच्या बाणापुढे माणूस कधी काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत वंदना वर्गाबाहेर माझी वाट बघत उभी होती. रात्री ती माहेरीच राहिली होती; सकाळीच बाबा घरात नव्हते, म्हणून ती शोधत बांधावर गेली होती. तिथे बाबा होते आणि त्यांच्याबरोबर मिठागरावर काम केलेले दोन म्हातारे. तिघांचे पाय चिखलात, आणि बाबा हात लांब करून दाखवत होते, "बगा, माज्या आगरात काय पिकलंय!"