दुसरी खाच

माझा हात लवकर उठतो. हे मी पूर्वी फुशारकीने सांगायचो.

तळवलीच्या आमच्या घरात मी आणि माझा पाठचा भाऊ, दोघेही नोकरीला लागलेले, दोघांनी मिळून जोडलेला एकच कॉम्प्युटर होता. संध्याकाळी आळीपाळीने आम्ही त्यावर गोळीबाराचा गेम खेळायचो. मी माणसं मारायचो ती अगदी मन लावून. समोरच्याच्या कपाळात गोळी घातली, रक्त भिंतीवर उडालं की मगच दिवसभराचा साहेब माझ्या डोक्यातून उतरायचा.

दसऱ्यानंतर गेम बंद पडायला लागला. बंदूक रोखली की पडदा काळा, कधी पाच मिनिटांत, कधी पन्नास. मी ड्रायव्हर बदलले, गेम पुसून पुन्हा टाकला, टेबलावर मुठी आपटल्या, माउस भिंतीवर फोडला, कॅबिनेटला लाथ घातली. काही उपयोग नाही. मग आठवलं, दसऱ्याच्याच दिवशी भावाने सेटिंगमध्ये जाऊन मेमरीचा वेग वाढवला होता. झालं, मला गुन्हेगार सापडला.

"आयशप्पथ दादा, सेटिंग मी कवाच होती तशी केली हाय," तो म्हणाला. "तरी बंद पडतंय. पयली मेमरीची टेस्ट लाव, मंग बोल."

हा मला शिकवतोय, एवढंच मला ऐकू आलं. मी त्याच्या कानाखाली ठेवून दिली. तो खुर्चीसकट आडवा झाला. उठायला लागला तसा कॉलर धरून त्याला कपाटावर आपटला, कपाटाची काच फुटली. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि मध्ये पडली. पुढचा फटका तिच्या खांद्यावर बसला.

"पाठच्या भावावर हात टाकतोस? त्या डब्यासाठी?" ती ओरडली. भावाने डावा कान दाबून धरला होता आणि त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं.

कानाचा पडदा फाटलाय, डॉक्टर म्हणाले. भरून येईल, पण पूर्वीसारखं ऐकू येईलच असं नाही. भाऊ वाशीला मित्राच्या खोलीवर राहायला गेला. आई मला जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. आणि गेम बंद पडतच राहिला. आता मारायलाही घरात कोणी नव्हतं.

म्हणून एका रविवारी त्याने सांगितलेली टेस्ट लावली. पडद्यावर चुकांच्या लाल ओळी धावायला लागल्या. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, आतल्या बोर्डावरच्या दोन खाचांत बसवलेल्या. एकेक काढून पाहिली. पहिल्या खाचेत दोन्ही पट्ट्या नीट चालत होत्या. दुसऱ्या खाचेत कुठलीही घाला, लाल ओळी. म्हणजे पट्ट्या चांगल्या होत्या, खाच बिघडली होती. टॉर्च मारला. आत पिनांवर काहीतरी लाल वाळलेलं होतं. क्षणभर मला ते रक्तच वाटलं.

ते कुंकू होतं. दसऱ्याला आमच्याकडे कोयता, विळे, स्कूटर, सगळ्यांची पूजा होते. वडील गेल्यापासून ती मी करतो. यंदा कॅबिनेटची बाजूची काच काढून मी थेट मेमरीच्या पट्ट्यांनाच थबथबीत ओलं कुंकू लावलं होतं, ते ओघळून खाचेत उतरलं होतं. "दादा, भायरून लाव ना," भाऊ तेव्हाच म्हणाला होता. मी खेकसलो होतो, "देवाच्या कामात शहानपना नको."

मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, दोनदा. शरमेने मेल्यासारखं झालं. तसाच बस पकडून वाशीला गेलो आणि त्याच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"साफ केलीस खाच?" त्याने विचारलं.

"नाय. तुझ्याशिवाय हात लावायची भीती वाटली."

पुढच्या रविवारी तो आला. स्पिरिट आणि ब्रश घेऊन त्याने ती खाच पिनेपिनेने साफ केली. दुपारपर्यंत टेस्ट चालली, एकही लाल ओळ आली नाही. आईने चहा टाकला. भाऊ हेडफोन लावून खेळायला बसला, मी त्याच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढली. गेम एकदाही बंद पडला नाही. भाऊ मात्र सारखा मरत होता.

"मारणाऱ्यांची पावलं कुठल्या बाजूने वाजतात ते मला कलत नाय," तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "तू ऐकून सांग."

हेडफोन घ्यायला मी हात उचलला. त्याने झटक्यात कान झाकला.