हॉर्न आणि हाक

स्टँडवर सगळे त्याला भोंगा म्हणत. आवाज मोठा म्हणून नव्हे. बोलण्यात तर तो इतका कंजूष, की भाडं किती झालं ते मीटरकडे बोट दाखवून सांगायचा. नाव पडलं ते त्याच्या टॅक्सीच्या हॉर्नवरून. हॉर्न दोनदा वाजला की समोरच्या टोप्यांच्या दुकानातून त्याची बायको चहाचा पेला घेऊन बाहेर यायची. एकदाच पण लांबवून वाजला, की समजायचं, स्वारी लांबच्या भाड्याला निघाली, जेवायला वाट बघू नकोस. संसार असा हॉर्नवर चालला होता, आणि फार झकास चाललाय असं भोंग्याला वाटत होतं.

दुकान बायकोचं. भिंतीतल्या कोनाड्याएवढं, पण रस्ता टुरिस्टांचा आणि ऊन भरपूर, त्यामुळे टोप्या खपायच्या. वहिनींनी अख्ख्या जगाला टोप्या घातल्या, त्याही राजरोस, असं मामा म्हणायचे. मामा म्हणजे स्टँडवरचे सगळ्यांत जुने टॅक्सीवाले. मिशा पिकलेल्या, आणि तोंडात कायम दुसऱ्याच्या घरची बातमी.

भोंग्याची गाडी नेहमी दुकानासमोरच. चांगलं भाडं आलं तरी पुष्कळदा दुसऱ्याला देऊन टाकायचा, पण जागा सोडायचा नाही. लोकांना वाटायचं, बायकोवर काय जीव आहे बघा! जीव होताच हो, नाही कोण म्हणतंय? पण त्याच्या दुप्पट जळकेपणा होता. बाजूचा आरसा त्यानं असा वळवून ठेवला होता, की मागची गाडी दिसली नाही तरी चालेल, दुकानाचं दार दिसलं पाहिजे. कोण आलं, किती वेळ टोप्या घालून बघत बसलं, तिनं कुणासमोर आरसा धरला, सगळं त्याला पाठ. एक उंचापुरा टुरिस्ट एकाच टोपीसाठी दुकानात खेटे घालायला लागला, तेव्हा भोंग्यानं त्याला आपण होऊन विमानतळावर सोडलं, तेही अर्ध्या भाड्यात. ब्याद गेली म्हणून दिवसभर खूश होता.

आणि नेमका अशा माणसाच्या रस्त्यावर नगरपालिकेनं गाड्या बंद केल्या. दोन्ही टोकांना लोखंडी खुंट ठोकले, डांबर उखडून दगडी फरशी घातली, मधोमध बाकं आणि झाडांच्या कुंड्या मांडल्या. आता या रस्त्यावर फक्त पायी चालायचं. टॅक्सी स्टँड गेला खालच्या टोकाला, कारंज्यापाशी. धंद्याचं काही बिघडलं नाही. उलट चालून चालून दमलेली माणसं कारंज्यापाशी यायची आणि सरळ टॅक्सीत बसायची. बाकीचे ड्रायव्हर खुशीत होते. भोंग्याच्या मात्र घशाखाली घास उतरेना. आरसा कसाही फिरवला तरी त्यात कारंजंच दिसायचं.

एवढ्यानं भागलं असतं तर बरं होतं. रस्त्याला शोभा यावी म्हणून नगरपालिकेनं चित्रकारांना जागा वाटल्या, त्यातली एक बरोबर टोप्यांच्या दुकानासमोर. जिथे भोंग्याची टॅक्सी उभी राहायची तिथेच एक सडपातळ माणूस घडीची खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे काढायला लागला. मामांनी त्याचं नाव ठेवलं पेन्सिल. पेन्सिल डोक्यावर टोपी घालतो, ही बातमीही मामांचीच. टोपी कुठल्या दुकानातली ते सांगण्याआधी त्यांनी सावकाश मिशा पुसल्या. तोवर भोंगा नुसता जळत राहिला.

घरी बायको कौतुकानं सांगायची. पेन्सिलसमोर बसणारी माणसं चित्रापुरती टोपी मागून घेतात, आणि चित्रात छान दिसली की विकतच घेतात. सांगता सांगता ती हसायची. भोंग्यानं भाजीकडे बघत, जणू भाजीलाच विचारतोय अशा आवाजात विचारलं, की त्याचं लग्न झालंय का. ती म्हणाली, मी नाही बाई विचारलं. झालं! हे विचारलं नाही, म्हणजे बाकी सगळं विचारून झालंय, असा हिशेब भोंग्यानं मांडला आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताट सारलं. मीठ अगदी बेताचं होतं.

मग एके दिवशी मामा आले ते हळहळल्यासारखा चेहरा करून. वहिनींचं चित्र लागलंय दुकानात, म्हणाले. हुबेहूब. आणि खाली त्यांचं नाव, हे एवढ्या ठळक अक्षरांत. सगळा रस्ता आता त्यांना नावानं हाक मारतो.

चित्र भोंग्यानं एक वेळ सोसलं असतं. नाव मात्र काळजात घुसलं. कारण ते नाव कुणी घेतच नव्हतं. स्टँडवर ती वहिनी, लेकीच्या शाळेत मुलीची आई, आणि घरात नुसतं ‘अगं’. तिला नावानं हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे तिची आई. ती गेल्यापासून ते नाव सरकारी कागदांपुरतं उरलं होतं. आपल्या घरातली वस्तू, आपण कधी वापरली नाही, ती हा कालचा पेन्सिल रस्त्यावर मांडून बसतो म्हणजे काय! भोंग्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या तिरमिरीत त्यानं काय करावं? टॅक्सी काढली, पार खुंटांना नेऊन भिडवली आणि हॉर्न दाबला. दोनदा. मग पुन्हा दोनदा. बाकांवरची माणसं माना वळवून बघायला लागली, कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं, रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला आणि चारचौघांत त्याला नाही नाही ते बोलला. दुकानातून कुणी बाहेर आलं नाही.

संध्याकाळी घरी ती आली, चपला काढल्या, पाणी प्यायली. भोंगा दारातच उभा होता.

“हॉर्न दिला होता मी.”

“ऐकला.”

“मग आली का नाहीस?”

तिनं पेला पालथा घातला. “इतकी वर्षं तुम्ही माझ्या दुकानासमोर होतात. गाडीतून उतरून एकदा तरी आत आलात? मी काय विकते ते आरशात बघितलंत. त्या माणसानं पहिल्या दिवशी मला काय विचारलं, माहितीय? तुमचं नाव काय म्हणून विचारलं. मला सांगताना अडखळायला झालं.”

ती पुढे म्हणाली, “हॉर्नला मी आता यायची नाही. चहा हवा असेल तर या आणि हाक मारा. मला नाव आहे.”

यावर भांडावं तरी कसं? नाव आहे हे तर खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळभर तो गाडीतच बसून राहिला. मामांनी दोनतीनदा मुद्दाम विचारलं, आज चहा नाही वाटतं? शेवटी भोंग्यानं गाडीची चावी खिशात टाकली आणि खुंटांमधून आत शिरला.

चालायची सवय कुठे होती? चढावर गुडघे कुरकुरायला लागले, टाचा झिजलेल्या चपला दगडांवरून घसरायला लागल्या. गाडीतून हा रस्ता केवढासा वाटायचा! मधल्या बाकावर बसावंसं वाटलं, पण तेवढ्यात पेन्सिलची टोपी दिसली आणि पाय आपोआप भराभर पडायला लागले. मत्सरानं माणूस चढ चढतो, हे भोंग्याला त्या दिवशी कळलं.

पेन्सिल एका बाईंचा चेहरा काढत होता. दुकानाच्या दारात ते चित्र होतं. हुबेहूब खरंच. डोळ्यांच्या कडेला हसताना पडतात त्या बारीक सुरकुत्यासुद्धा. भोंग्याला त्या आरशात कधी दिसल्याच नव्हत्या. खाली नाव. आत ती स्टुलावर उभी राहून, पाठमोरी, वरच्या खिळ्याला टोपी अडकवत होती.

त्यानं तोंड उघडलं. आधी सवयीनं ‘अ’ आला. तो गिळला. घसा खाकरला. आणि मग त्यानं तिचं नाव घेतलं.

रस्त्यावरच्या दोन बायका वळल्या, त्यांचंही तेच नाव असावं. पेन्सिलचा हात थांबला. तीच तेवढी वळली नाही. पाठमोरीच, लाडिक नव्हे पण मोकळ्या, हसऱ्या आवाजात म्हणाली, “आले हं! आता कुणाला टोपी हवीय?”

हा आवाज भोंग्यानं घरात कधी ऐकला नव्हता. तो कुणासाठी आहे हेही त्याला लख्ख कळलं, आणि आल्या पावली परत जावंसं वाटलं. खाली गाडी होती. काचा वर केल्या, की कुणाचंच तोंड बघायला नको.

“मला,” तो म्हणाला.

ती गर्रकन वळली. हातातली टोपी सुटली आणि घरंगळत दाराबाहेर आली. पेन्सिल ती उचलायला खुर्चीतून उठला. पण भोंगा या खेपेला गाडीत नव्हता. गुडघे कुरकुरत होते तरी तो आधी वाकला.