पेन्सिलीचा छाप

मंगळवारी बाबा गेले. तेरवीच्या दिवशी त्यांची गाडी चोरीला गेली.

पंगत बसली तेव्हा ती दारासमोर होती, उठली तेव्हा नव्हती. आई बाबांसाठी रडून जरा शांत झाली होती. गाडीसाठी पुन्हा रडली.

ठाण्यातले हवालदार म्हणाले, "जुनी गाडी चोरणारा ते चालवत नाही, बाई. भंगारात कापाले देते." मग ते भंडाऱ्यातल्या भंगारवाल्यांची रजिस्टरं तपासायला निघाले. कोणाकडून कोणती गाडी घेतली, हे दुकानदाराला लिहून ठेवावं लागतं. मी ग्रंथालयात नोकरी करते हे कळल्यावर मलाही सोबत घेतलं. "तुमाले रजिस्टर वाचाची सवय आहे. माया चष्मा तसाही फुटला."

दोन दुकानांत काही मिळालं नाही. तिसऱ्यातही आमचा नंबर नव्हता. हवालदार उठले. मी मात्र पानं चाळत राहिले, कारण प्रत्येक नोंदीशेजारी एक कागद चिकटवलेला होता.

"हे काय?"

"चेसिस नंबरचा छाप, जी," दुकानदार म्हणाला. "प्लेट कोनीबी बदलवते. म्हणून मी लोखंडात ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतो."

असाच छाप मी दहा वर्षांची असताना काढला होता. गाडी नवी होती, बाबांनी पेन्सिल माझ्या हाती दिली होती. शेवटचा आठ खाली घसरलेला दिसला, म्हणून मी विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, "ठोकणाऱ्याला भूक लागली असेल." तो कागद त्यांनी गाडीच्या फाइलीत जपला होता आणि फाइल माझ्या पिशवीत होती.

एका पानाशेजारी तो धरला. सगळे आकडे जुळले. आठही घसरलेला.

"हीच!" मी ओरडले. ग्रंथालयात इतकी वर्षं लोकांना गप्प बसवणारी मी.

दुकानदार घाबरला. "उद्या कापनार होतो, साहेब."

"उद्या काहून? आज काहून नाही?"

"कटरचा गॅस संपला न जी!"

हवालदार आधी हसले, मग मी. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

मागच्या अंगणात गाडी भलत्याच नंबरची प्लेट लावून उभी होती. न्यायालयाच्या आदेशानंतर ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळण्याच्या हमीवर, घरी आली. आईने बॉनेटला हळदकुंकू लावलं, नेहमीच्या डाव्या सीटवर बसली आणि म्हणाली, "कोपऱ्यावर हॉर्न वाजवजो. ते वाजवत होते."

मी वाजवला.

बाबा नाहीत. गाडी आहे. रविवारी मी आईला तिच्यातून अड्याळला मावशीकडे नेते.