पाणी नको!

गुहागरची नीला अठरा वर्षं बहरीनमध्ये आहे. माहूजमधल्या एका शाळेत ती साफसफाई करते. संध्याकाळी भाकऱ्या थापताना तिचा टीव्ही चालू असतो, पण मालिकांपेक्षा जीव सरकारी जाहिरातींत. सीटबेल्ट लावा, उन्हात पाणी प्या, गॅस तपासा. निम्मं अरबी ती त्यातूनच शिकली.

नवरा रावजी ड्रायव्हर. तो चेष्टा करायचा, "जाहिराती बघून कोण शहाणं झालंय गं?"

"मी होतेय ना," ती म्हणायची आणि आवाज वाढवायची.

यंदा महाराष्ट्र दिनाला तिथल्या मराठी मंडळींनी हॉल घेतला होता. ऐंशी पानांचं जेवण, कोंबडी-वडे. नीला वडे थापत होती. कढईकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही आणि तापलेल्या तेलाने भडका घेतला. ज्वाळा छताकडे झेपावल्या. बायका किंचाळत बाहेर पळाल्या. रावजीने धावत येऊन पाण्याची बादली उचलली.

"अहो, पाणी नको!" नीला अशी ओरडली की त्याचे हात जागीच थांबले.

तिने आधी गॅस बंद केला. मग मोठी परात ढालीसारखी समोर धरून पुढे झाली आणि बाजूने सरकवत कढईवर झाकली. ज्वाळा आत कोंडल्या, विझल्या. रावजी परात उचलून बघायला गेला.

"हात लावू नका! गार होऊ दे. जाहिरातीतल्या माणसाने घाईने उघडलं, तर पुन्हा पेटलं होतं."

अग्निशमनवाले आले तेव्हा भिंत तेवढी काळवंडली होती, त्यांना काही काम उरलं नव्हतं. त्यांच्यातल्या एका बहरीनी जवानाने विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

नीलाने आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, "टीव्हीने."

तो खळखळून हसला. साथीदाराला हाक मारून म्हणाला, "ऐकलंस? आपली जाहिरात! लोक बघतात!" मग त्याने कपाळाला हात लावून तिला कडक सलाम ठोकला. दारात जमलेल्या मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. नीलाला काय करावं कळेना. तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि नवं तेल मागवलं. तासाभराने ऐंशी पानं वाढली गेली.

पुढच्या शुक्रवारी तिच्या इमारतीच्या गच्चीवर तेवीस बायका जमल्या. मधोमध रिकामी कढई, शेजारी परात. शेजारची बानू घाबरत पुढे आली.

"वरून नाही गं, बाजूने सरकव," नीला म्हणाली. "हां, अश्शी! आता दुसरी कोण येतेय?"