बाभळीची रेंज

आमचे आबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन भीमेच्या काठाकडं उतरतात. मागच्या खेपेला रानात एकटेच चक्कर येऊन पडले आणि आम्हाला ते कळलं परत आल्यावर, तेही गप्पा मारता मारता! तेव्हाच मी ठरवलं, यंदा इंटरनेटचा फोन दिल्याशिवाय त्यांना हलू द्यायचं नाही. आबा कुठं आहेत ते मला नकाशावर दिसलं पाहिजे.

आबा आणि मी परंड्यात फोनच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "फिरता त्या भागात रेंज कुणाची येती?" आबांनी वाटेतल्या विहिरी, ओढे, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, मला टॉवर सांगा." झालं! मग मीच एकेका गावाचं नाव घेऊन विचारत गेले. एक कंपनी करमाळ्यापर्यंत धड, पुढं बोंब. दुसरीचं बरोबर उलटं. शेवटी दोन सिमचा, मोठ्या बॅटरीचा फोन घेतला आणि रोजच्या डेटाचा प्लॅन.

"आजचं उरलेलं नेट उद्याला चालतं का?" आबांनी विचारलं. चालत नाही म्हटल्यावर, "मग वायाच गेलं की!" म्हणून तोंड वाकडं केलं.

आमच्या घरात रेंज येते ती ओसरीवरच्या खिळ्यापाशी. सगळ्यांचे फोन दिवसभर तिथंच टांगलेले. निघताना मी आबांना शंभरदा बजावलं, "रेंज येती तिथंच फोन ठेवा. बंद करू नका."

सुरुवातीला नकाशावरचं त्यांचं टिंब रोज पुढं सरकायचं. मग एक दिवस सकाळीच थांबलं ते थांबलंच. मेंढरं काय एका जागी उभी राहतात? दुपार झाली तरी टिंब तिथंच. फोन लावला. नुसता वाजतोय, कुणी उचलेना. तव्यावर भाकरी करपली. आई म्हणाली, "आगं, डोळा लागला असंल." मेंढरं सोडून दुपारी झोपणारा माणूस आहे का तो? मी आईवरच खेकसले. नको नको ते डोळ्यांसमोर यायला लागलं. शेवटी गाडीची किल्ली घेऊन निघाले, तेवढ्यात दिवस मावळता मावळता आबांचाच फोन.

"काय गं, एवढे फोन? कुणाला काय झालं?"

"तुम्ही होता कुठं?"

"मेंढरामागं. आनि कुठं?"

"आणि फोन?"

"बाभळीला टांगलाय. काय दिस मुक्काम हितंच हाय, आनि हितं त्या बाभळीलाच तेवढी रेंज हाय. तूच म्हणलीस न्हवं, रेंज येती तिथंच ठेवा? बंद बी केला न्हाय."

म्हणजे दिवसभर मी एका बाभळीवर नजर ठेवून होते! मला रडूच फुटलं.

"आबा, फोन खिशात ठेवा," मी ओरडलेच.

"आगं, पर चारायला जातो तिकडं रेंज न्हाय."

"नसू द्या!"

आता सकाळ झाली की टिंब गायब होतं. दिवसभर जीव टांगणीला, घरात कुणी बोललं तरी अंगावर जाते. दिवस मावळायला ते परत बाभळीपाशी दिसलं की समजायचं, आबा मुक्कामावर आले.