नानपुऱ्यातलं फ्रेंच जेवण

मला दाखवायचा कार्यक्रम आमच्या घरी न होता एका फ्रेंच खाणावळीत झाला, हे सांगितलं की लोकांना मी थापा मारतेय असं वाटतं. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही तेव्हा गुजरातेत, बमरोलीला राहत होतो. वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होते, एका खोलीत आम्ही सातजण. त्यात पाहुणे कुठं बसवायचे? मुलगा उधन्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, मूळचा नगरकडचा, आईवडील नसलेला. त्यानं मध्यस्थाकडून निरोप धाडला की नानपुऱ्यात एक छोटं फ्रेंच हॉटेल आहे, मशिनं बसवायला आलेल्या साहेबांबरोबर माझं तिथं नेहमी जाणं असतं, रविवारी दुपारी तिथंच भेटू.

मी त्याला आधी एकदा पाहिलं होतं, मध्यस्थाच्या दारात, सायकल पुसताना. मला तो आवडला होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायची पद्धतही नव्हती. पण हे लग्न व्हावं असं मला फार वाटत होतं.

आईनं ‘तिथं काय शिजवतात कोण जाणे’ म्हणून यायचं नाकारलं. वडील धुतलेलं धोतर नेसून निघाले. हॉटेल म्हणजे एका कौलारू घराची पुढची खोली. चार टेबलं, पांढरी कापडं, दारावर गुजरातीत ‘फ्रेंच भोजनालय’. मालक म्हातारा होता. पाँडिचेरीला कुण्या फ्रेंच साहेबाच्या घरी जन्मभर स्वयंपाक केलेला, आणि बायको नानपुऱ्याची म्हणून इथं येऊन राहिलेला. हिंदी बोलायचा, पण त्याच्या हिंदीतलं निम्मं मला कळलं नाही.

मुलगा आधीच येऊन बसला होता. वडिलांना वाकून नमस्कार केला, माझ्याकडे बघितलंच नाही. म्हाताऱ्यानं तिघांपुढे एकेक वाडगा आणून ठेवला. कांद्याचं तपकिरी पाणी, त्यात पावाचा तुकडा आणि वर पिवळट साय. ठेवून तो आत गेला.

आता आमच्याकडची रीत अशी, की पान पूर्ण वाढून झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. पंगतीत वरण-बट्टी आली, वांग्याची भाजी आली, तरी मीठ-लिंबू येऊन वर तूप पडेस्तोवर सगळे मांड्या घालून गप्प. घरात नुसती भाकरी-ठेचा असला तरी वडिलांचा हा नियम चुकायचा नाही. माझा हात चमच्याकडे जाताना दिसला तसे ते हळूच म्हणाले, “हात नको लावू. अजून वाढी ऱ्हायना तो.” म्हणजे, त्याचं वाढणं अजून चाललंय.

आम्ही थांबलो. वडील थांबले म्हणून मुलगाही थांबला. वाडग्यातली वाफ गेली. सायीचं कातडं झालं. पडद्याआडून म्हातारा डोकावायचा, आमच्याकडे बघायचा आणि परत आत जायचा. हा बाबा उरलेलं वाढत का नाही, मला कळेना. मुलगा बोलत का नाही, तेही कळेना. तो तर इथं नेहमी येणारा!

शेवटी म्हातारा बाहेर आला, तोंड एवढंसं करून म्हणाला, “साहब, अच्छा नहीं?” आणि कुणी काही बोलायच्या आत तिन्ही वाडगे उचलून घेऊन गेला. वडिलांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. न जेवलेल्या माणसापुढचं पान उचलायचं! आमच्याकडे एवढ्यावरून सोयरिकी मोडतात.

मग बश्या आल्या. कोंबडीचा एकेक तुकडा, शेजारी उकडलेले बटाटे. भाकरी नाही, भात नाही. म्हातारा पुन्हा आत. वडील पुन्हा हात मांडीवर ठेवून बसले. आता हेही उचलून नेणार, आणि त्याबरोबर माझं लग्नही, असं मला दिसायलाच लागलं. मी सगळी लाज गुंडाळून ठेवली आणि मुलाला विचारलं, “इथं काय करायचं असतं हो?”

तो कानापर्यंत लाल झाला. “मला नाही ठाऊक. मी आत कधी आलोच नाही. साहेबांना दारापर्यंत सोडून परत जायचो.” मग वडिलांकडे वळून म्हणाला, “काका, मी उगीच फुशारकी मारली. चुकलं माझं.”

मला हसू आलं. दाबलं, तरी फुटलंच. स्वतःला दाखवायच्या कार्यक्रमात खिदळणारी मुलगी! वडिलांनी एक बटाटा उचलून तोंडात घातला, तसे आम्हीही जेवलो. चव कशी होती, विचाराल तर सांगता येणार नाही.

परत येताना बसस्टॉपवर वडिलांनी विचारलं, “तुले पोऱ्या पटना का?”

आमच्या घरात मुलीला असं कुणी विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. पटला म्हटलं तर निर्लज्ज ठरेन का? ते चिडलेत म्हणून माझी परीक्षा घेताहेत का? डोक्यात नुसता गोंधळ. मी खाली बघत म्हणाले, “तुम्ही सांगशात तसं.”

त्यांनी बस येते का बघायला मान वळवली. मग म्हणाले, “मंग ऱ्हाऊ दे.” बस आली आणि आम्ही चढलो.

दोन वर्षांनी माझं दुसरीकडे लग्न झालं. नवरा भला माणूस, तक्रार नाही. पण त्या दुपारबद्दल मी वडिलांवर मनातून धुमसत राहिले. पुढं एकदा माहेरी गेले असताना कशावरून तरी तो विषय निघाला. मी म्हटलं, एवढ्याशा थापेवरून तुम्ही चांगला मुलगा घालवलात. वडील गोंधळून माझ्याकडे बघायला लागले.

“मले तो पटना व्हता,” ते म्हणाले. “बाप्याच्या जातीनं चूक कबूल करी, तेबी सासऱ्यापुढे. तूच काही बोलनी नही. मले वाटनं, तुले नको शे.”

मला इतका राग आला की रडूच कोसळलं. राग त्यांच्यावरचा होता की माझ्यावरचा, हे मला अजून कळलेलं नाही.